ध्यानस्थ देव आणि समोरचा श्रोता : दक्षिणामूर्तीच्या शिल्पार्थाचा विचार

१

मराठीत 'ध्यान' हा शब्द निदान तीन अर्थांनी चालतो. 'ध्यान लावणे' या प्रयोगात तो चित्ताच्या एकाग्रतेचा वाचक आहे; 'ध्यानात धरणे', 'ध्यानात येणे' या प्रयोगांत तो केवळ अवधान वा स्मरण दर्शवितो; आणि 'देवाचे ध्यान' असे म्हणताना डोळ्यांसमोर उभी राहणारी मूर्तीच त्यातून अभिप्रेत असते. हा तिसरा अर्थ लोकभाषेत इतका रुळला आहे की, एखाद्याच्या वेंगळ्या अवताराकडे पाहून 'काय ध्यान आहे!' असा उपरोधही त्यातून निघाला. क्रियेचे नाव त्या क्रियेच्या विषयास लागावे, ही अर्थपरिवर्तनाची वाट भाषाशास्त्रास नवी नाही. मूर्तिशास्त्राच्या संदर्भात मात्र तिच्यामुळे एक संदिग्धता उत्पन्न होते. 'ध्यानमूर्ती' म्हणजे ध्यान करीत असलेल्या देवाची मूर्ती, की जिचे ध्यान करावयाचे ती मूर्ती? देव येथे ध्याता आहे की ध्येय आहे?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. दक्षिणेतील मंदिरशिल्पात शिवाची जी योगस्थ रूपे आढळतात, त्यांचे मराठीत वर्णन करताना 'जगापासून निवृत्त होऊन आत्मचिंतनात मग्न झालेला महादेव' अशा धर्तीची वाक्ये सर्रास लिहिली जातात. त्या वाक्यांमागे 'ध्यान' या शब्दाचा पहिला अर्थ गृहीत धरलेला असतो. हे गृहीत कितपत टिकते, हे त्या मूर्तींच्या आसनावरून, परिवारावरून आणि विशेषतः मंदिरातील त्यांच्या स्थानावरून तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या तपासणीचा आरंभ दक्षिणेपासून दूर, कोकणच्या किनाऱ्यावर करणे सोयीचे ठरेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड बंदराला लागून असलेल्या जामसंडे या गावी दिर्बादेवी व रामेश्वर यांचे देवस्थान आहे. हा सारा किनाराच शैव आहे. देवगडच्या दक्षिणेस समुद्राच्या लाटा पायथ्याशी घेऊन कुणकेश्वर उभा आहे; गिर्ये, आचरे या गावांतून रामेश्वर हेच ग्रामदैवत आहे. 'रामेश्वर' या नामाने ही गावे दक्षिण टोकाच्या सेतुबंधाशी जोडली गेली आहेत. तथापि येथील शिव प्रामुख्याने लिंगरूपाने पूजिला जातो. योगस्थ वा व्याख्यानस्थ शिवाची मानुषाकृती हा येथील ग्रामदेवळांच्या रचनेचा रूढ घटक नाही.

मग या देवाशी भक्ताचा व्यवहार कोणत्या प्रकारचा असतो? तो मुख्यतः भाषिक आहे. किनारपट्टीतील ग्रामदेवळांत देवाला 'गाऱ्हाणे' घातले जाते. त्यात देवाला थेट संबोधून, द्वितीय पुरुषी एकवचनात, गावाची वा कुटुंबाची अडचण मांडली जाते आणि प्रत्येक विनंतीच्या अखेरीस जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' असा होकार भरतात. त्यापुढे देवाकडून 'कौल' घेतला जातो. मूर्तीला वा पाषाणाला लावलेल्या कळ्यांपैकी उजवी पडली की डावी, यावरून देवाचे उत्तर वाचतात. वक्ता, संबोध्य, साक्षी श्रोते आणि उत्तर ही संभाषणाची सर्व अंगे येथे उपस्थित आहेत. ज्या देवाला मुख नाही, त्याच्याशी येथे पूर्ण संवाद चालतो.

या पार्श्वभूमीवर दक्षिणेतील योगस्थ शिव पाहिला की, प्रथमदर्शनी विरोध जाणवतो. तेथे देवाला मुख आहे, चार हात आहेत, अर्धोन्मीलित नेत्र आहेत. परंतु तो बोलत नाही. कोकणातील निराकार देव बोलका आणि तमिळ देशातील साकार देव मुका, असा हा विरोध मांडता येईल. तो वरवरचा आहे, हेच पुढील विवेचनातून दाखवावयाचे आहे.

२

दक्षिणेतील या रूपाचे शास्त्रीय नाव 'दक्षिणामूर्ती' असे आहे. त्याचे आधुनिक वर्गीकरण प्रथम व्यवस्थितपणे मांडले ते त्रावणकोर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे टी. ए. गोपीनाथ राव यांनी, १९१४ ते १९१६ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू मूर्तिशास्त्रविषयक ग्रंथात. आगमांच्या आधारे त्यांनी या मूर्तीचे चार प्रकार सांगितले : योग, ज्ञान, व्याख्यान आणि वीणाधर. मराठीत ग. ह. खरे यांच्या 'मूर्तिविज्ञान' (१९३९) या ग्रंथापासून मूर्तिशास्त्राची परिभाषा स्थिरावू लागली आणि पुढील अभ्यासकांनी ती वाढविली. परंतु वर्गीकरण जसजसे पाठ्यपुस्तकांतून संक्षेपाने उतरत गेले, तसतसा त्यातील एक महत्त्वाचा दुवा गळत गेला. गोपीनाथ रावांच्या मांडणीत शिव हा चारही ठिकाणी आचार्य आहे : योगाचा आचार्य, वीणेचा आचार्य, ज्ञानाचा आचार्य आणि इतर शास्त्रांचा व्याख्याता. संक्षेपात 'आचार्य' हे समान पद लुप्त झाले आणि चार विशेषणे तेवढी उरली. त्यामुळे 'योग' म्हणजे मौन व ध्यान, 'व्याख्यान' म्हणजे बोलणे व शिकविणे, असा एक विरोध त्या यादीत नकळत शिरला. मूळ मांडणीत तो नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे विशेष्याचा लोप झाल्यामुळे विशेषणेच नामे होऊन बसली आहेत.

'दक्षिणामूर्ती' या समासाचीही अशीच गत आहे. आजच्या मराठी वाचकाच्या कानी 'दक्षिणा' हा शब्द पडला की, पुरोहिताला द्यावयाचे द्रव्य आठवते. संस्कृतात 'दक्षिणा' हे 'दक्षिणेकडे' अशा अर्थाचे अव्ययही आहे आणि ऋषींना उपदेश करताना शिव दक्षिणाभिमुख बसला होता म्हणून हे नाव, असे परंपरा सांगते. दक्षिणामूर्त्युपनिषदाने आणखी पुढे जाऊन 'दक्षिणा' म्हणजे बुद्धी, असे निर्वचन केले. तात्त्विक निर्वचन म्हणून त्याचे मोल आहेच. परंतु शब्दाच्या इतिहासात दिशा हाच अर्थ आधारभूत दिसतो.

या दिशावाचकाच्या मुळाशी शरीर आहे. पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला येते ती दक्षिण. म्हणूनच संस्कृतात उजवा हात तो 'दक्षिण' हस्त आणि देवाला उजव्या अंगास ठेवून केलेली परिक्रमा ती 'प्रदक्षिणा'. लॅटिन भाषेतील उजवेपणाचा वाचक शब्दही याच कुळातील आहे. प्राकृतातील 'दक्खिण' या रूपावरून आलेले 'दख्खन' हे ज्या भूमीचे नाव, तेथील वाचकाला हा संबंध सहज ध्यानात यावा. पूर्वाभिमुख शिवालयात गर्भगृहातील देवाच्या उजव्या हाताला जी भिंत येते, ती दक्षिण भिंत. दक्षिणामूर्ती बसविली जाते ती याच भिंतीवर. तेव्हा हे नाव मूर्तीच्या गुणाचे आहे त्याहून अधिक तिच्या स्थानाचे आहे. आणि स्थानवाचक नावाचा अर्थ स्थान सोडून लावता येत नाही.

३

स्थानाचे हे महत्त्व तमिळ देशापुरते नाही. त्याचे एक जुने उदाहरण कोकणच्याच उत्तर टोकाला, घारापुरीच्या मुख्य लेण्यात आहे. हे लेणे सामान्यतः सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते. उत्तरेकडील प्रवेशमार्गाच्या पूर्व बाजूस पद्मासनस्थ योगीश्वर शिवाचा आणि पश्चिम बाजूस नृत्यमग्न नटराजाचा असे दोन शिल्पपट समोरासमोर आहेत. योगीश्वर कमळावर बसला आहे; त्या कमळाचा देठ नागांनी तोलून धरला आहे; वर व बाजूंना परिवार दाटलेला आहे. मूर्तीचे हात भग्न आहेत, तथापि आसनाची स्थिरता आणि मुखाची अंतर्मुखता आजही प्रत्ययास येते.

नागांनी धरलेले सनाल कमळ पाहून बौद्ध शिल्पाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कान्हेरीची लेणी येथून दूर नाहीत आणि तेथे बुद्धाच्या आसनाखाली हीच योजना आढळते. घारापुरीच्या शिल्पकारांनी ती उचलली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परंतु उसनवारीची नोंद करून थांबल्यास अर्थाचा प्रश्न तसाच राहतो. बौद्ध शिल्पात ध्यानमुद्रा आणि धर्मचक्रप्रवर्तनमुद्रा अशा दोन वेगळ्या हस्तमुद्रा आहेत. पहिलीत बुद्ध ध्यानस्थ आहे, दुसरीत उपदेशक आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील गर्भगृहात बसलेला बुद्ध हा या दुसऱ्या प्रकारचा आहे. घारापुरीच्या शिल्पकाराने आसनाची योजना घेतली आणि ती एका नव्या वाक्यात बसविली. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे समोरचा नटराज. प्रवेश करणाऱ्याच्या एका हाताला परम गती आणि दुसऱ्या हाताला परम स्थिती. दोन्ही एकाच देवाच्या. योगीश्वराची निश्चलता ही त्या विरोधामुळे अर्थपूर्ण होते. वेरूळच्या २९ व्या लेण्यातही, म्हणजे धुमार लेण्यात, योगी शिवाचा असा शिल्पपट आहे. त्या लेण्याची मांडणी घारापुरीशी किती जवळची आहे हे अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे.

घारापुरीच्या या मूर्तीस काही अभ्यासक लकुलीश मानतात. हे मत ग्राह्य धरल्यास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट हाती येते. लकुलीश हा पाशुपत संप्रदायाचा आद्य आचार्य, गुजरातेतील कायावरोहण येथे अवतरलेला शिव, अशी त्या संप्रदायाची श्रद्धा. आणि कुशिक, गर्ग, मित्र व कौरुष्य हे त्याचे चार शिष्य. मथुरेच्या गुप्त संवत् ६१ मधील (इ. स. ३८०) स्तंभलेखात कुशिकापासून दहाव्या पिढीतील आचार्य उदिताचा उल्लेख आहे, म्हणजे ही गुरुपरंपरा चौथ्या शतकात पिढ्या मोजण्याइतकी जुनी झालेली होती. इकडे दक्षिणामूर्तीच्या कथेतही सनक, सनंदन, सनातन व सनत्कुमार असे चारच ऋषी श्रोते म्हणून येतात. या साम्यावरून एका कल्पनेचा उगम दुसरीत शोधणे साहसाचे होईल; चार ही संख्या भारतीय परंपरेत अनेक कारणांनी येते. मात्र दोन्ही ठिकाणी योगस्थ शिव एकाकी नाही, त्याच्या भोवती शिष्यांचे मंडळ कल्पिलेले आहे, एवढे निश्चित म्हणता येते. योगी आणि गुरू ही दोन रूपे शैव कल्पनेत फार पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेली होती.

४

हे मिश्रण पूर्णत्वास गेले ते तमिळ देशात. कांचीपुरम् येथील कैलासनाथ मंदिरात, म्हणजे पल्लव राजा राजसिंहाच्या काळी, आठव्या शतकाच्या आरंभी, वटवृक्षाखाली बसलेला दक्षिणामूर्ती दक्षिण बाजूस आढळतो. चोळांच्या काळात त्याचे हे स्थान नियमाप्रमाणे ठरून गेले. विमानाच्या दक्षिण देवकोष्ठात दक्षिणामूर्ती, पश्चिमेस बहुधा लिंगोद्भव, उत्तरेस ब्रह्मा व दुर्गा, असा क्रम चोळ मंदिरांतून पुनःपुन्हा भेटतो. इ. स. १०१० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या तंजावरच्या बृहदीश्वराच्या दक्षिण भिंतीवरही तो आहे आणि पुढील पिढीतील गंगैकोंडचोळपुरम् येथेही आहे.

मूर्तीचा सर्वसाधारण विन्यास असा : पर्वतशिलेचे आसन, वर वटवृक्ष, उजवा पाय खाली सोडलेला व त्याखाली अपस्मार पुरुष, डावा पाय वाकवून उजव्या मांडीवर ठेवलेला. मागील हातांत अक्षमाला आणि अग्नी वा सर्प. पुढील उजवा हात व्याख्यानमुद्रेत, पुढील डाव्या हातात बहुधा पोथी. जटाभार मोकळा वा बांधलेला. दृष्टी किंचित खाली झुकलेली. पायाशी ऋषी, हरिण, सर्प.

या विन्यासात दोन परस्परविरुद्ध सूचना एकाच देहात आणल्या आहेत. झुकलेली दृष्टी, विश्रांत खांदे, स्थिर कटी ही अंतर्मुखतेची लक्षणे होत. परंतु पुढचा उजवा हात काही सांगत आहे. अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून तो जणू एखाद्या सूक्ष्म मुद्द्यावर येऊन थांबला आहे. बौद्ध शिल्पाने ज्या दोन अवस्था दोन निराळ्या मुद्रांत विभागल्या, त्या येथे एकत्र आल्या आहेत. ओठ मिटलेले, हात बोलता. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दक्षिणामूर्तिस्तोत्राच्या परंपरेत या दृश्याचे मर्म सांगितले आहे : गुरू तरुण आहे, शिष्य वृद्ध आहेत, गुरूचे प्रवचन मौनानेच चालले आहे आणि तेवढ्याने शिष्यांचे संशय फिटत आहेत. म्हणजे येथील मौन हा भाषेचा अभाव नसून तिचाच एक प्रकार आहे. त्याला वक्ता आहे, श्रोता आहे, विषय आहे आणि परिणामही आहे. केवळ ध्वनी नाही.

श्रोत्यांवाचून हे मौन केवळ निःशब्दता ठरले असते. म्हणून पायाशी कोरलेल्या ऋषींना 'परिवार' या सदराखाली दुय्यम तपशील म्हणून नोंदविणे युक्त नाही. मूर्तीच्या मानाने ते लहान असतात. पुष्कळदा तर ते देवकोष्ठाच्या बाहेर, शेजारच्या भित्तिभागावर असतात. परिणामी छायाचित्र घेताना ते सहज वगळले जातात. वस्तुसंग्रहालयात केवळ मुख्य शिल्प येते. ऋषी मूळ जागी राहतात किंवा हरवतात. आणि मग त्या सुट्या मूर्तीखालील पट्टिकेवर 'ध्यानस्थ शिव' असे लिहिले जाते. जो अर्थ शिल्पकाराने दिला नव्हता, तो मूर्तीच्या स्थलांतराने उत्पन्न होतो. संवादातील एका व्यक्तीची वाक्ये पुसून टाकावीत आणि उरलेल्या व्यक्तीस स्वगत बोलणारी ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या देवकोष्ठांत ऋषी मुळातच कोरलेले नाहीत, तेथे काय म्हणावे? याचे उत्तर प्रदक्षिणेच्या मार्गात सापडते. पूर्वाभिमुख मंदिरात भक्त पूर्वेकडून येतो, देवाला उजव्या अंगास ठेवून चालू लागतो आणि पहिली भिंत जी त्याला लागते ती दक्षिणेची. म्हणजे लिंगोद्भवाचे अद्भुत किंवा दुर्गेचे तेज पाहण्यापूर्वी त्याची गाठ आचार्याशी पडते. तो देवकोष्ठासमोर थांबतो. देव बसलेला, भक्त उभा. देवाची झुकलेली दृष्टी त्याच्यावर येते. दगडात ऋषी असोत वा नसोत, श्रोत्याची जागा रिकामी राहत नाही. देव दक्षिणेकडे पाहतो आणि ती यमाची दिशा आहे, हेही भक्ताला ठाऊक असते. मृत्यूच्या दिशेने तोंड करून बसलेल्या गुरूसमोर, त्या दिशेला पाठ करून, उत्तराभिमुख असा तो उभा राहतो. एवढा अर्थ केवळ दिशेने व्यक्त झाला आहे. त्यासाठी एकही अधिक आयुध कोरावे लागलेले नाही.

दक्षिणामूर्ती हे निवृत्तीचे रूप आहे, या समजुतीस सर्वांत मोठा धक्का बसतो तो कळुगुमलै येथे. पांड्यांच्या काळी, आठव्या शतकात, डोंगराच्या शिलेतून कोरलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या वेट्टुवन् कोविल या एकाश्म मंदिराच्या विमानावर दक्षिणामूर्ती आहे. तो चक्क मृदंग वाजवीत आहे. चोळ कांस्यमूर्तींतील वीणाधर दक्षिणामूर्ती तर उभाच असतो. वीणा हातात नसली तरी बोटांचा विन्यास ती सुचवितो. ध्यान हेच या मूर्तीचे सारतत्त्व मानले, तर मृदंगवादक दक्षिणामूर्ती हा अपवाद ठरवून बाजूला सारावा लागतो. अध्यापन हे सारतत्त्व मानले की, तो आपोआप कुळात बसतो. कारण ताल हीदेखील एक विद्या आहे आणि ती वाजवूनच शिकविता येते. त्याच न्यायाने योगदक्षिणामूर्तीही स्पष्ट होतो. योग ही विद्या करून दाखविल्यावाचून शिकविता येत नाही. तेथे देव ध्यान करीत आहे आणि तसे करणे हेच त्याचे व्याख्यान आहे.

५

योगाच्या या प्रात्यक्षिकाचे शिल्पातील खास चिन्ह म्हणजे योगपट्ट. बसलेल्या योग्याचे गुडघे वा पाय स्थिर राहावेत म्हणून ते कमरेभोवती घेतलेल्या पट्ट्याने बांधीत. शिल्पकारांनी तो पट्टा योगस्थितीची खूण म्हणून स्वीकारला. हे चिन्ह कोणा एका देवाचे नाही. योगदक्षिणामूर्तीला ते आहे, मेलकोटे येथील योगनरसिंहाला आहे, केरळातील शास्ता-अय्यप्पालाही आहे. भाषेत एखादा प्रत्यय निरनिराळ्या प्रकृतींना लागून त्यांच्या अर्थात एकाच प्रकारचा फरक घडवितो, तसे त्याचे कार्य आहे. नरसिंहासारखा हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा देवही त्या एका पट्ट्याने शांत व गुरुपदास योग्य होतो.

एवढ्याशा चिन्हावर अर्थाचा किती भार असतो, हे हंपीच्या नरसिंहावरून कळते. कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत इ. स. १५२८ मध्ये स्थापन झालेली, सुमारे ६·७ मीटर उंचीची ही एकाश्म मूर्ती लक्ष्मीनरसिंहाची होती. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेल्या देवाच्या मांडीवर लक्ष्मी होती. ती मूर्ती नष्ट झाली, परंतु देवाच्या पाठीवर टेकलेला तिचा हात अद्याप शिल्लक आहे. लक्ष्मी नाहीशी झाल्यावर लोकांनी त्या विस्फारलेल्या डोळ्यांच्या मूर्तीस 'उग्र नरसिंह' म्हणावयास आरंभ केला. पुढे विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या कामात भग्न गुडघ्यांना सांधणारा दगडी पट्टा बसविण्यात आला आणि आज तेथे जाणाऱ्या पुष्कळांना तो योगनरसिंह वाटतो. एकच शिल्प मुळात पत्नीसहित प्रसन्न, मग एकाकी उग्र आणि अखेर योगस्थ, अशा तीन अर्थांनी वाचले गेले. पहिला अर्थ शिल्पकाराचा, दुसरा विध्वंसाचा, तिसरा, हेतू आधार देण्याचा असो वा अन्य, दुरुस्तीचा. पाठीवरचा तो हात मात्र पहिल्या वाचनाची साक्ष देत राहिला आहे.

दक्षिणामूर्तीच्या पायाशी असलेले ऋषी आणि नरसिंहाच्या पाठीवरील हात यांचे महत्त्व एकच आहे. दोन्ही ठिकाणी मूर्तीचा अर्थ दुसऱ्या कोणाच्या तरी सान्निध्यावर अवलंबून आहे. आणि ते सान्निध्य हरपले की मूर्ती 'स्वतःत मग्न' दिसू लागते. ज्या मूर्तिवर्णनात केवळ आसन, आयुधे व अलंकार यांची यादी असते, त्यात या सान्निध्याला रकानाच नसतो.

६

आता पुन्हा कोकणाकडे वळावयाचे. आचार्यरूप शिवाची कल्पना या किनाऱ्याला अपरिचित होती असे मात्र म्हणता येणार नाही. वाघोटण खाडीच्या वरच्या अंगास असलेल्या खारेपाटण येथे दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके ९३० चा (इ. स. १००८) ताम्रपट मिळाला. त्यात अव्वेश्वर देवाची पूजा आणि तपस्व्यांचा योगक्षेम यांसाठी मत्तमयूर परंपरेच्या कर्करोणी शाखेतील अंभोजशंभु या शैव आचार्यास ग्रामदान केल्याची नोंद आहे. रट्टराज हा चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक. आणि त्याच वर्षांत सत्याश्रयाशी झुंजणारा चोळ राजराज तंजावरचे महामंदिर बांधीत होता. खारेपाटणचा ताम्रपट आणि तंजावरच्या दक्षिण भिंतीवरील दक्षिणामूर्ती यांत फार तर काही वर्षांचे अंतर आहे. एका राज्यात जिवंत आचार्याच्या हातावर उदक सोडले गेले, दुसऱ्यात आचार्यरूप देव विमानावर कोरला गेला. शिव हा गुरुमुखाने लाभतो, ही श्रद्धा दोहोंच्या मुळाशी आहे.

कोकणच्या ग्रामदेवळांत ते रूप दगडात उतरले नाही, याची कारणे काही अंशी भौतिक आहेत. येथला जांभा दगड चिऱ्यांना उत्तम. परंतु सूक्ष्म कोरीव कामाला तो साथ देत नाही. पावसापासून बचावण्यासाठी उतरत्या छपराखाली घेतलेल्या भिंतींना तमिळ विमानासारखी देवकोष्ठांची ओळ नसते. पण कारण केवळ भौतिक मानल्यास गाऱ्हाणे व कौल यांचे महत्त्व दुर्लक्षिले जाईल. तमिळ शिल्पकाराने जो संबंध दगडात मांडला, तो येथे विधीत आणि बोलीत मांडला गेला. तेथे देव मौनाने सांगतो आणि श्रोते कोरलेले असतात. येथे श्रोते बोलतात आणि देव कळ्यांनी उत्तर देतो. दोन्ही ठिकाणी देव एकटा नाही. दोहोंतील भेदही नजरेआड करता कामा नये : गाऱ्हाण्यात भक्त आपली अडचण देवापुढे ठेवतो व निर्णय मागतो; दक्षिणामूर्तीपुढे तो काही मागत नाही, शिकतो. एक संबंध न्यायसभेचा आहे, दुसरा पाठशाळेचा.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दक्षिणामूर्ती ध्याता आहे की ध्येय, असा विकल्पच तेथे लागू पडत नाही. मूर्तिकाराने प्रथम ध्यानाने मूर्ती मनात साकारावी, असे शुक्रनीतिसार सांगतो. पूजकाने ध्यानश्लोक म्हणून तीच मूर्ती मनात आणावी, असे आगम सांगतात. आणि मूर्तीतील देव स्वतः ध्यानाचा पाठ देत असतो. ध्यान येथे एका व्यक्तीची खाजगी अवस्था न राहता गुरूकडून शिष्याकडे जाणारी वस्तू झाली आहे. मराठीने क्रियेचे नाव मूर्तीला दिले, त्यात म्हणूनच भाषेची चूक पाहण्याचे कारण नाही. चूक होते ती त्या शब्दाचा केवळ एकान्तवासी अर्थ धरून मूर्तीचे वर्णन केल्यामुळे.

पदव्युत्तर वर्गांतून मूर्तिवर्णने लिहविताना आणि संग्रहालयांच्या नोंदी तयार करताना याचा व्यावहारिक उपयोग आहे. मूर्ती मंदिराच्या कोणत्या भिंतीवर होती, तिचे मुख कोणत्या दिशेस होते, तिच्या समोर वा शेजारी काय होते, प्रदक्षिणेच्या क्रमात ती कितवी भेटत होती, दुरुस्तीत तिला काय नव्याने जोडले गेले, या पाच गोष्टी आयुधांच्या यादीइतक्याच आवश्यक मानावयास हव्यात. त्या ठाऊक नसतील तर 'ध्यानस्थ' हे विशेषण जपून वापरावे. जामसंड्याच्या रामेश्वरासमोर गाऱ्हाणे ऐकत उभ्या असलेल्या मंडळींपैकी कोणीही, देव आपल्यातच मग्न आहे, असे म्हणणार नाही. दक्षिण भिंतीवरील मिटल्या ओठांच्या देवाविषयी तसे लिहिण्यापूर्वी अभ्यासकानेही त्याच्या पायाशी कोण बसले आहे, हे एकदा वाकून पाहावे.